बावटेवालीची शिट्टी

खरं सांगा, रस्त्याच्या मधोमध एक बाई काठीला बांधलेलं लाल फडकं धरून उभी असेल, तर तुम्ही का थांबता? तिच्या अंगावर वर्दी नाही, हातात पावतीपुस्तक नाही, वजन म्हणाल तर जोराचा वारा आला की तीच उडेल. तरी तुमचा पाय ब्रेकवर जातो की नाही? का जातो?

हा प्रश्न माझा नाही. माझे प्रश्न साधे असतात, ‘अंमलबजावणी कधी?’ असले, आणि ते मी टेबलावर हात आपटून विचारते. वरचा प्रश्न बावटेवालीचा. तो ती माझ्यासारखा भांडायला विचारत नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून तर समोरच्याची जास्त पंचाईत होते.

आमच्या वस्तीच्या डोक्यावर टेकडी आहे आणि टेकडीत दगडखाण. सुरुंग उडवायच्या आधी खाणीकडे येणाऱ्या तिन्ही वाटा अडवाव्या लागतात. प्रत्येक वाटेवर एक माणूस, एक लाल बावटा, एक शिट्टी. वस्तीकडून चढणारी वाट हिची. नाव कुणी घेत नाही, पगार देणारा मुकादमसुद्धा ‘बावटेवाली’ म्हणूनच हाक मारतो. मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला पुढारी म्हणते. यातलं कुठलं संबोधन प्रेमाचं आणि कुठलं टोमण्याचं, ते तुम्ही ठरवा.

तिचं काम ऐकायला सोपं आहे. सुरुंगवाला खाणीच्या तोंडाशी उभा राहून दोनदा शिट्टीने हाक देतो. पहिली हाक, दगडातल्या भोकांत दारू भरायच्या आधी. तिन्ही वाटांवरून ‘रस्ता मोकळा’ म्हणून लांब शिट्टी परत आली तरच भरणी सुरू. दुसरी हाक, उडवायच्या आधी. पुन्हा तिन्ही उत्तरं यायला हवीत. एक जरी उत्तर आलं नाही तर काम होतं तिथे थांबतं. अर्धवट ऐकू आलं, वाऱ्याने नेलं, बहुतेक वाजली असावी, असलं काही चालत नाही. आधीच्या सुरुंगवाल्याने एकदा ‘बहुतेक’वर काम केलं आणि उजवा हात घालवून बसला. आताचा त्याच्या हाताखाली शिकलेला. त्यामुळे उत्तर नाही म्हणजे मोकळा नाही, हे तो जपासारखं म्हणतो.

बावटेवाली आधी खडी फोडायची. बावट्याच्या कामाला माणूस हवा म्हटल्यावर पाच-सहाजण पुढे आले, कारण उभं राहायचं काम सगळ्यांनाच आवडतं. सुरुंगवाल्याची परीक्षा घ्यायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. तो स्वतःच मोटरसायकलवरून भरधाव आला आणि ओरडला, “सोड रे, मी सुरुंगवाला! माझ्याशिवाय काय उडणार आहे तिथे?” त्या पाच-सहाजणांनी एकामागून एक वाट सोडली. एकाने तर सलामही ठोकला. हिने बावट्याची काठी सरळ त्याच्या पुढच्या चाकात घातली. तो पडला, उठला, ढोपर चोळत म्हणाला, “ही चालेल.” आणि गळ्यातली पितळी शिट्टी काढून हिच्या गळ्यात घातली.

तेव्हापासून ही रस्त्यात उभी राहून माणसांचा अभ्यास करते. मी पुस्तकं वाचून कायदा शिकले, हिने ब्रेक ऐकून माणसं शिकली. तिच्या मते थांबणाऱ्यांच्या तीन तऱ्हा. एक इंजिन बंद करून थांबणारा, तो मनापासून थांबतो. दुसरा इंजिन गुरगुरत ठेवणारा, त्याचं मन पुढे गेलेलं असतं. आणि तिसरा सरकणारा. “तो थांबलाय असं त्यालाही वाटतं,” ती सांगते. “पण आपण मान वळवली की चाक वीतभर पुढे. परत वळवली की आणखी वीतभर. विचारलं तर म्हणतो, मी कुठे हललो?”

आता तिचं घर. खाणीकडच्या अंगाला वस्तीतलं शेवटचं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे उतार. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो, येतो तेव्हा येतो. घरात कायम म्हणजे ती आणि तिचे सासरे. मामंजींनी आयुष्य याच खाणीत ड्रिल धरून काढलं, दोन्ही कान त्या यंत्राला वाहिले. सोयीचं तेवढं मात्र ऐकू येतं. “मामंजी, औषध घ्या” ऐकू येत नाही, “चहा टाकते” हे चार घरांपलीकडून ऐकू येतं.

खाण पूर्वी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होती. मग वस्तीकडच्या उताराचाही पट्टा, म्हणजे खोदायचा परवाना, खाणमालकाला मिळाला, आणि मामंजींच्या खोलीच्या भिंतीला चीर गेली. चीर वाढते की नुसतीच आहे, हे बघायची खाणीतल्या लोकांची एक युक्ती असते. चिरेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने घट्ट बसवायची. भिंत हलली की काच तडकते. मामंजींनी स्वतःच्या हाताने पट्टी बसवली. तडकली. दुसरी बसवली. तीही तडकली. तडकलेल्या पट्ट्या त्यांनी काढल्या नाहीत, खाली नवी बसवत गेले. भिंत पाहिली तर वाटतं, कुणीतरी जखमेला टाके घातलेत.

“मामंजी, ओट्यावर झोपत चला,” ती म्हणायची.

“भिंत पडायची असेल तर ओट्यावर झोपलो म्हणून थांबेल का?”

“भिंत नाही थांबणार. पण तुम्ही तिच्याखाली नसाल.”

“काय म्हणालीस?” की झाले बहिरे.

दर सुरुंगाला ती त्यांना हाताला धरून खालच्या पारापर्यंत आणून बसवते, मग बावटा घेऊन उभी राहते, शिट्टी देते, आणि आवाज झाला की बावटा उतरवून पहिली घरी धावते. काच बघायला. स्वतःच्या घराला हादरवणारा सुरुंग उडू दे म्हणून स्वतःच्याच तोंडाने शिट्टी मारायची आणि मग काय फुटलं ते बघायला पळायचं, ही नोकरी. सोडून देता येत नव्हती. घर तेवढ्यावर चालतं.

म्हणून आम्ही लढलो. खाणखात्याने मालकाला दिलेल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांविरुद्ध न्यायाधिकरणात गेलो. कागद मी लिहिले, वकील ठेवायची ऐपत नव्हती आणि खरं सांगायचं तर ऐपत असती तरी ठेवला नसता. दोन निकाल लागले. पलीकडच्या बाजूचा आमच्या विरुद्ध गेला. पट्टा कायम, खाण चालू राहील. मला तो पटला नाही, आजही पटत नाही. पण आम्ही रस्ता अडवून बसलो होतो ते उठलो. शिव्या देत उठलो, पण उठलो. दुसरा निकाल आमच्या बाजूने. वस्तीकडच्या उताराचा पट्टा रद्द, तिथलं काम खाणखात्याने ताबडतोब थांबवावं, हद्दीचे खांब मागे न्यावेत. साफ शब्दांत. मालकाने वर दाद मागितलेली नाही, स्थगिती नाही, काही नाही.

आणि उतारावर सुरुंग चालूच.

मी खाणखात्याच्या कचेरीत गेले. “विचाराधीन आहे.” परत गेले. “वरून मार्गदर्शन मागवलंय.” मी टेबलावर हात आपटला. शिपायाने पाणी आणून दिलं, तेवढीच अंमलबजावणी.

तिच्या घरी जाऊन बावटेवालीसमोर आगपाखड केली तर ती तांदूळ निवडत शांतपणे विचारते, “हे न्यायाधिकरण खात्याच्या वर आहे की खाली?”

“या बाबतीत वर. त्याने सांगितलं की खात्याने ऐकायचंच. पटो न पटो. पटलं नाही तर वर जावं, तिथून बदलून आणावं. तोवर ऐकायचं.”

“म्हणजे वरून सांगून झालंय.”

“झालंय ना!”

“मग वरून आलेलं असताना वरून काय मागवतात?”

“वेळकाढूपणा, दुसरं काय! मालकाशी साटंलोटं.”

“असेलही.” तिने एक खडा बाजूला टाकला. “पण मला तो साहेब बघायचाय. सरकणारा आहे का गुरगुरणारा.”

संधी आपोआप आली. माझ्या अर्जांच्या ढिगाला कंटाळून खाण अधिकाऱ्यांनी स्थळपाहणी ठरवली. मी सकाळपासून बावट्याच्या जागी जाऊन उभी राहिले, चार जळजळीत वाक्यं पाठ करून. वर उतारावर भोकं पाडून तयार होती, दारूची पेटी यायची होती. बावटेवालीने मामंजींना पारावर बसवलं, वाट अडवली. तेवढ्यात सरकारी गाडी आली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ही हलली नाही. त्याने डोकं बाहेर काढलं. “ए बाई, साहेबांची गाडी आहे.”

“दिसतेय. थांबलेली छान दिसते.”

गाडी वीतभर सरकली. बावटेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले. मग काठी चाकापुढे आडवी धरली.

साहेब उतरले. माणूस दिसायला बरा होता, हे मला कबूल करायला जड जातं. “मी खाण अधिकारी,” ते म्हणाले.

“मग तर तुम्हाला ठाऊकच असेल, लाल असला की थांबायचं.”

साहेब हसले. “अगदी बरोबर. नियम सगळ्यांना सारखा.” आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

मी तोंड उघडलं. बावटेवाली माझ्यावर खेकसली, “ए पुढारी, जीभ आवर. आज माझी पाळी.” मग साहेबांकडे वळून अगदी मऊ आवाजात, “साहेब, एक विचारू? राग नका मानू, मला खरंच कळत नाही. तुम्ही का थांबलात?”

“म्हणजे? बावटा आहे म्हणून.”

“फडकं आहे हो हे. आमच्या फाटक्या चादरीचं.”

“चादरीचं असो. वर सुरुंग उडणार आहे.”

“तुम्ही बघून आलात?”

“मी कशाला बघायला हवं? ज्याला ठाऊक आहे, ज्याचं ते काम आहे, त्याने तुम्हाला इथे उभं केलंय. त्याचं ऐकायचं. प्रत्येकजण आधी वर जाऊन खात्री करून येतो म्हणाला, तर माणसं मरतील.”

ती खूश झाली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी नीट उत्तर दिलं होतं. “वा! हेच हवं होतं मला. मग साहेब, न्यायाधिकरणाने या उताराला बावटा लावलाय, त्याला तुम्ही का थांबत नाही?”

साहेबांचं हसू गेलं नाही, नुसतं पातळ झालं. “तो विषय वेगळा आहे. त्या निर्णयात काही त्रुटी आहेत असं आमच्या कार्यालयाचं मत आहे.”

“असतील. माझ्या बावट्यातही भोक आहे, हे बघा.” तिने फडकं पसरून दाखवलं, भोकातून बोट बाहेर काढलं. “म्हणून सोडू का गाडी?”

ड्रायव्हर खोकला. ते हसणं होतं.

आणि नेमकी वरून पहिली हाक आली. भरणीच्या आधीची. वरच्या दोन्ही वाटांवरून लांब शिट्ट्या परत गेल्या. हिची जागा गप्प. पुन्हा हाक आली. ही गप्पच.

“तुम्ही उत्तर द्यायचं असतं ना?” साहेबांनी विचारलं.

“असतं. रोज देते, पोटासाठी देते, आणि मग घरी जाऊन बघते भिंत उभी आहे का. ते बघा, पारावर बसलेत ते माझे सासरे. त्या भिंतीखाली झोपतात, ऐकत नाहीत. आज भोकं पाडलीत ती निकालाने बंद केलेल्या उतारावर. आणि आज इथे माझ्यापेक्षा मोठा माणूस हजर आहे.” तिने गळ्यातली शिट्टी काढली, बाहीला स्वच्छ पुसली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. “निकाल आहे तरी काम चालू राहावं असं वाटत असेल, तर लांब वाजवा. तुम्ही मोकळा म्हणालात की मोकळा.”

मी बरीच आंदोलनं केली, मोर्चे काढले, कचेऱ्यांना घेराव घातले. कुठल्याही साहेबाचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. केवढीशी ती शिट्टी! माणूस तिच्याकडे असा बघत होता की जणू तिलाच वात आहे.

मुकादम उतारावरून ओरडत आला, “झोपली काय ग ए बा...” आणि साहेबांना पाहून उरलेला शब्द गिळला. मागून सुरुंगवाला आला. त्याने हिचा मोकळा गळा पाहिला, साहेबांच्या हातातली शिट्टी पाहिली.

“साहेब, तुमच्याकडून मोकळा का?”

“मी कसं सांगणार? मी फक्त पाहणीला आलोय.”

“मग मोकळा नाही?”

“तसंही मी म्हणत नाही.”

सुरुंगवाल्याने डोकं खाजवलं. “आमच्यात दोनच असतात साहेब. मोकळा, नाहीतर मोकळा नाही. ‘विचाराधीन’ वाजवायची शिट्टी अजून कुणी बनवली नाही.”

“साहेब, वाजवून टाका, कामाची खोटी होतेय,” मुकादम गयावया करायला लागला. साहेबांनी शिट्टी ओठांच्या जवळपास नेली. शपथेवर सांगते, नेली. तिथे थांबली. पारावरून मामंजी, ज्यांना काही ऐकू येत नाही, मोठ्याने म्हणाले, “थुंकी नाही हो तिला, सूनबाईने पुसलीय!”

साहेबांनी हात खाली केला. घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं, दुसरीकडे बैठक आहे असं काहीतरी पुटपुटले आणि गाडीत बसले. गाडी आली त्यापेक्षा वेगाने मागे गेली.

सुरुंगवाल्याने मुकादमाला सांगितलं, “उत्तर नाही म्हणजे मोकळा नाही. पेटी परत कोठारात.” भोकं रिकामीच होती, म्हणून धोका नव्हता. बावटेवालीने पहिल्याच हाकेला गप्प बसायचं का ठरवलं, ते मला तेव्हा कळलं. भरलेलं भोक तसंच टाकून जाता येत नाही. दुसऱ्या हाकेला ती गप्प बसली असती तर ते अडवणूक करणं झालं असतं, वर जीवघेणं.

पाठ केलेली चारही वाक्यं माझ्या तोंडात वाळून गेली. आणि मग तिने गळ्याला हात लावला.

“अगं बाई. माझी शिट्टी?”

साहेबांच्या खिशात गेली होती.

मुकादमाने तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं आणि स्वतःच्या मेहुण्याला नवी शिट्टी देऊन उभं केलं. सुरुंगवाला मोटरसायकलवरून भरधाव आला, ओरडला, “सोड रे, मी सुरुंगवाला!” मेहुण्याने वाट सोडली आणि वर विचारलं, “घरचे सगळे बरे आहेत ना?” झालं. याच्या शिट्टीवर मी काही उडवणार नाही, म्हणून सुरुंगवाला अडून बसला. पलीकडच्या बाजूची कायदेशीर खाणसुद्धा बंद पडायची वेळ आली. मुकादम निमूट तिला परत बोलवायला आला. आता ती तिथल्या सुरुंगांना दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते. पितळीपेक्षा लांब जाते म्हणतात.

आमच्या उतारावर मात्र सुरुंगवाला भरायला तयार नाही. “खाणखात्याचा साहेब शिट्टी हातात असून वाजवायला धजला नाही. मी कशाला माझा परवाना घालवू?” असं तो मालकाच्या तोंडावर म्हणाला. मामंजींच्या भिंतीवरची सगळ्यात खालची काच अजून अखंड आहे. ते रोज सकाळी तिच्यावरून बोट फिरवतात आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणतात, “माझ्याच चुन्याचा गुण.” ओट्यावर झोपत नाहीत ते नाहीतच.

पण हे काही निकाल पाळणं नव्हे. हद्दीचे खांब जिथल्या तिथे आहेत. आदेश निघालेला नाही. मालक दुसरा सुरुंगवाला शोधतोय, ‘बहुतेक’वर काम करणारा. तो सापडला की काच किती टिकेल? आज ती भिंत उभी आहे ती एका माणसाच्या भीतीवर आणि एका बाईच्या गप्प बसण्यावर. कायद्यावर ती अजून उभी राहिलेलीच नाही.

म्हणून बावटेवाली सुट्टीच्या दिवशी कचेरीत जाते. माझ्यासारखी आरडाओरडा करत नाही. बाकावर बसते आणि विचारते, “माझी शिट्टी?” आधी साहेब म्हणाले, पाठवून देतो. मग कारकून म्हणाला, अशी वस्तू कचेरीत आल्याची नोंद नाही. मी म्हटलं, “वहिनी, नवी घेऊन देते, सोड ना.”

“नवी आणली तर त्याच्या खिशात ओझं राहील का?” ती म्हणाली. “मी त्याला सांगितलंय, एक तर शिट्टी दे, नाहीतर काम बंद केल्याचा हुकूम दे. कधी ना कधी खिशात हात जाईलच की. मला बघायचंय, तेव्हा तो काय करतो.”

मलाही बघायचंय. तुम्हालाही असेल, तर एवढं करा. त्या कचेरीत, किंवा वरचा निकाल खिशात घालून बसलेल्या तसल्या कुठल्याही कचेरीत तुमचं काम निघालं, तर आधी साहेबांसमोर जा. भांडू नका, ते मी करते. खुर्ची ओढून शांत बसा आणि विचारा, “साहेब, बावटेवालीची शिट्टी तुमच्याकडेच आहे ना?” आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.